परटाच्या शेताकडील सडक

यरुशलेमेच्या तटाबाहेर, वरच्या तळ्याच्या नळाशेजारून, परटाच्या शेताकडे एक सडक जात असे. राज्यकर्ते आणि ईश्वराज्ञा या विषयावर व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने तत्पूर्वी मनाने त्या सडकेवर घटकाभर उभे राहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. इ. स. पूर्व ७३४ च्या सुमारास अराम आणि इस्राएल यांच्या संयुक्त फौजांच्या वार्तेने गर्भगळित झालेल्या यहूदाच्या आहाज राजाला यशया संदेष्ट्याने येथेच गाठून धीर दिला. परंतु राजाने तो धीर नाकारून मंदिरातील सोन्यारुप्याचा नजराणा अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसराकडे रवाना केला आणि त्याचा दास व पुत्र म्हणवून घेऊन संरक्षण मागितले. पुढे इ. स. पूर्व ७०१ मध्ये त्याच अश्शूरचा वकील रब्शाके नेमक्या याच जागी उभा राहिला आणि तटावरील सामान्य जनांना समजावे म्हणून मुद्दाम त्यांच्याच भाषेत शरणागतीची मसलत देऊ लागला.

आहाजाचा पुत्र हिज्कीया बंदोबस्तात कसूर करणारा नव्हता. गीहोन झऱ्याचे पाणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्याच्या कारकिर्दीत खडकातून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला. दोन टोकांकडून खणत आलेल्या कामगारांना मधल्या पाषाणातून परस्परांच्या हाका ऐकू आल्या, हे सांगणारा शिलालेख १८८० मध्ये सापडला, आणि त्यात राजाचे नावसुद्धा नाही. तटासाठी घरे पाडणाऱ्या आणि पाणी साठवणाऱ्या नगराला यशयाने जो दोष दिला तो त्या परिश्रमांबद्दल नव्हे. हे ज्याने घडवले त्याच्याकडे कोणी दृष्टी वळवली नाही, याबद्दल होता. हा भेद आपल्या प्रवचनांतून निसटतो, आणि मग कोणी प्रार्थनेला आळसाचे निमित्त करतो, तर कोणी तटबंदीलाच देवाचा कौल समजतो.

मंदिराच्या दारांवरील सोने खरवडून, तीनशे किक्कार रुपे आणि तीस किक्कार सोने खंडणी भरूनही अश्शूरचा राजा सन्हेरीब याची फौज परतली नाही. शेचाळीस तटबंदीची नगरे जिंकून हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे कोंडल्याची फुशारकी त्याने स्वतःच कोरून ठेवली आहे. तेव्हा हिज्कीयाने शत्रूचा धमकीचा खलिता मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे उलगडून ठेवला, आणि नगर वाचले. पण ज्या हातांनी तो खलिता उलगडला त्याच हातांनी बाबेलच्या वकिलांना जामदारखाना आणि शिलेखाना उघडून दाखवला. हे सारे एके दिवशी बाबेलला जाईल असे यशयाने बजावले, तेव्हा आपल्या हयातीत तरी शांतता राहील यावर राजाने समाधान मानले. इ. स. पूर्व ५९७ मध्ये त्या जामदारखान्याचे दरवाजे बाबेलच्याच फौजेने उघडले.

वेढ्याच्या वेळी धीर देणारा आणि विजयानंतर जाब विचारणारा यशया एकच होता, आणि राजाही तोच होता. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु धोका टळून दरबारात आनंदीआनंद चालू असताना, वकिलांना काय दाखवलेत आणि नातवंडांसाठी काय राखलेत, असे विचारण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याच्या वेढ्यातील आशीर्वचनावर लोकांनी विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा?