मत आणि सनद

उल्हासनगर विधानसभा मतदारसंघाविषयी राज्यभर एक समज पक्का आहे: इथे पक्षाला कोणी विचारत नाही, मत घराण्याला पडते. निकाल वरवर पाहता त्याला पुष्टीच देतात. पप्पू कलानी १९९०मध्ये काँग्रेसचे, १९९५मध्ये अपक्ष आणि १९९९ व २००४मध्ये रिपब्लिकन पक्षाचे आमदार झाले. मधल्या दोन निवडणुका तर त्यांनी तुरुंगातून जिंकल्या. २०१४मध्ये ज्योती कलानी राष्ट्रवादीकडून विधानसभेत गेल्या आणि २०१७च्या महापालिका निवडणुकीत याच घराण्याचा गट कमळावर लढला. तरीही हा समज अपुरा आहे. याच मतदारसंघाने १९८० आणि १९८५मध्ये भाजपचे शीतलदास हरचंदानी निवडून दिले होते. आमच्या मते इथला मतदार घराण्याला नव्हे, डोक्यावरच्या छपराला मत देतो.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वाट्याला बराकी आल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नगराची पायाभरणी झाली. बराकीखालची जमीन नावावर व्हायची तर सनद हवी, आणि ती अनेकांना आजही मिळालेली नाही. दरम्यान बराकींच्या जागी इमारती चढल्या, परवानग्या मागेच राहिल्या. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्यावर सरकारला एकट्या या शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा आणावा लागला. कागदाने स्लॅब मात्र भक्कम होत नाही: २८ मे २०२१ रोजी कॅम्प २मध्ये, नेहरू चौकाजवळ, साईशक्ती इमारतीत स्लॅब कोसळून सात जणांचा जीव गेला. ‘धोकादायक’ची नोटीस दारावर चिकटली की माणूस जाहीरनामा वाचत बसत नाही, महापालिकेत ज्याचा शब्द चालतो त्याचे दार ठोठावतो.

यावर कोणी म्हणेल, ही तर दहशतीची मते. पण २००९मध्ये भाजपचे कुमार आयलानी यांनी खुद्द पप्पू कलानींना हरवले. २०१४ आणि २०१९चे निकाल दोन हजारांच्या आसपासच्या फरकाने आधी इकडे, मग तिकडे झुकले. निव्वळ दहशतीवर चालणाऱ्या गावात इतकी अटीतटीची लढत होत नाही. सिंधी मतांचा गठ्ठा म्हणावे, तर दोन्ही प्रमुख उमेदवार सिंधीच. मग मराठी, उत्तर भारतीय आणि आंबेडकरी वस्त्यांना वगळून निकालाचा हिशेब लागणार कसा? २०२४मध्ये आयलानींनी ओमी कलानींना तीस हजारांहून अधिक मतांनी हरवले, हा आक्षेप सर्वांत वजनदार. त्यात राज्यातल्या लाटेचा वाटा होताच. पण सनद आणि नियमितीकरण दोन्ही अखेर सरकारच्याच हाती असताना मतदाराने सत्तेचा आसरा धरला, तर त्याचे गणित बदलले असे म्हणता येत नाही. उंबरठा बदलला, खेटे तेच राहिले.

त्यात शहराचे पाच कॅम्प विभागले आहेत तीन मतदारसंघांत: उल्हासनगर, अंबरनाथ आणि कल्याण पूर्व. प्रश्न एक, आमदार तीन, म्हणून जाब द्यायला कोणीच नाही. तेव्हा घराणेशाहीच्या नावाने बोटे मोडण्याआधी तिन्ही आमदारांकडून सनद आणि पुनर्विकासाचे तारीखवार वेळापत्रक लेखी मागावे. घर ज्याचे त्याच्या नावावर झाले, की मत मागायला येणाऱ्याला रस्ते, पाणी आणि वालधुनी नदीच्या घाणीवर बोलावेच लागेल.