ऐंशी किलोचं एक बटण

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. आमच्या कॅराव्हॅनला ऑटोमॅटिक लेव्हलिंग सिस्टीम बसवायची नाही. निदान इतक्यात तरी नाही. आणि माझा मुख्य मुद्दा पैशाचा नाहीये. (ताईच्या मते तो पैशाचाच आहे आणि मी जन्मजात चिकट आहे. असो.)

थोडी पार्श्वभूमी. आमची गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली आहे. रीतसर कॅराव्हॅन म्हणून पासिंग झालेली. मी, बायको आणि बाबा असे तिघं जण शुक्रवारी रात्री निघतो. महिन्यातून एकदा लांब कुठेतरी, नाहीतर सरळ राजोडी. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, कळंब आणि अर्नाळ्याच्या मधलं हे किनाऱ्यावरचं गाव. सुरूच्या बनामागे ओळखीच्यांची वाडी आहे, तिथे गाडी लावायची आणि दोन दिवस ऑफिस विसरायचं. भरभुसभुशीत रेतीत गाडी घालायची नाही एवढी अक्कल समुद्र सगळ्यांना एकदा शिकवतोच, म्हणून आम्ही वाडीच्या मातीतच थांबतो. ती माती सपाट नाही. वाडी केळी लावायला असते, गाड्या लावायला नव्हे :-)

आता ही लेव्हलिंग सिस्टीम म्हणजे काय? गाडीच्या चार कोपऱ्यांत चार हायड्रॉलिक जॅक, एक बॅटरीवर चालणारा पंप, आणि एक कंट्रोलर. कंट्रोलरमध्ये तुमच्या मोबाईलमध्ये असतो तसाच झुकाव मोजणारा सेन्सर. बटण दाबलं की जॅक खाली येतात, जमिनीला टेकतात, आणि दोन-तीन मिनिटांत गाडी पाणसळ लावल्यासारखी सपाट. बघायला जबरदस्त मजा येते हे मान्य. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोम्सवर हे सर्रास दिसतं. किंमत मात्र इथे आणून बसवेपर्यंत काही लाखांत जाते.

पण तिकडे लोक लेव्हलच्या इतके मागे का लागतात याचं एक जुनं कारण फ्रीज हे आहे. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली गॅसच्या ज्योतीवर चालणारा, एकही फिरता भाग नसलेला फ्रीज शोधला. कॅराव्हॅनसाठी तो वरदान ठरला, कारण त्याला वीज लागत नाही. मात्र त्यातलं अमोनियाचं द्रावण पंपाने नाही, गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी तिरकी असली की द्रव एका जागी अडतो, बॉयलर नको इतका तापतो, गंज रोखणारं रसायन जमून नळ्या तुंबतात आणि फ्रीज कायमचा जातो. त्यामुळे तिथल्या जुन्या मंडळींच्या डोक्यात ‘आधी लेव्हल, मग चहा’ हे पक्कं बसलेलं आहे. आमच्या गाडीत बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज आहे. त्याला थोडंफार तिरकं असणं अजिबात बाधत नाही. म्हणजे ज्या दुखण्यावर हे औषध निघालं, त्यातलं मोठं दुखणं आम्हाला नाहीच.

मग उरतं काय? झोप, सिंकमधलं पाणी, आपोआप उघडणारी कपाटं, आणि बाबा.

सवयीप्रमाणे मी आधी मोजायला घेतलं. गेल्या अकरा मुक्कामांत गाडी लावल्या लावल्या मोबाईल जमिनीवर ठेवून झुकाव लिहून ठेवला. सात वेळा तो दीड अंशाच्या आत होता. तीन वेळा दोन ते तीन अंश. एकदाच, भंडारदऱ्याजवळ, चारच्या वर. आता एक अंश म्हणजे किती? आमच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३.३५ मीटर अंतर आहे, म्हणजे एका अंशाला सुमारे ५.८ सेंटीमीटर. डाव्या-उजव्या चाकांत जेमतेम १.६ मीटर, म्हणजे एका अंशाला २.८ सेंटीमीटर. याचा सरळ अर्थ असा, की अकरापैकी दहा रात्री एखाद-दुसऱ्या फळीने नाहीतर प्लॅस्टिकच्या पाचरीने निभावण्यासारख्या होत्या. आणि अकराव्या रात्री शहाण्या माणसाने गाडी वीस फूट पुढे लावावी.

हे झालं झुकावाचं. पण बाबांचा त्रास झुकावाचा नाहीच! हे कळायला आकडे नाही, बाबांशी बोलावं लागलं. ते शहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना अधूनमधून चक्कर येते. रात्री बाथरूमला उठले आणि त्याच वेळी बायकोने कूस बदलली की अख्खी गाडी स्प्रिंगांवर हलते. त्यांना वाटतं आपणच पडतोय. म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत, तिरकेपणा आणि डुलणं. फळ्यांनी पहिला सुटतो, दुसरा नाही. जॅक दोन्ही सोडवतात, आणि ताईचा सगळा भर नेमका यावर आहे. ती म्हणते, ‘बाबा एकदा पडले तर तुझे वाचलेले लाख हॉस्पिटलात जातील.’ या वाक्यापुढे कोणाचा इंजिनिअरिंगचा आव टिकणार?

तरीही मी नाही म्हणतोय, त्याची कारणं ही.

पहिलं, वजन. जॅक, पंप, तेल, ब्रॅकेट धरून अशी सिस्टीम सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जाऊ शकते. ऐंशी किलो म्हणजे वीस लिटरचे चार जार पाणी. तिघांना दोन दिवस ते पुरतं. गाडीची वजनाची मर्यादा ठरलेली आहे, त्यामुळे बटण घ्यायचं तर दुसरं काहीतरी खाली उतरवावं लागणार.

दुसरं, खारी हवा. राजोडीत सायकलची चेनसुद्धा एका पावसाळ्यात लाल होते. चासीखाली उघड्यावर असलेले जॅकचे दांडे, सील आणि वायरिंग तिथे किती टिकेल? तेलाचं सील बदलणारा माणूस नालासोपारा-विरारमध्ये सापडेल, टिपर आणि जेसीबी सगळीकडे चालतात. पण कंट्रोलर बोर्ड बसला तर रविवारी संध्याकाळी, जॅक खाली अडकलेले, आणि सोमवारी सकाळी स्टँड-अप मीटिंग! हाताने वर घ्यायची सोय असते म्हणा, पण ते काम गाडीखाली झोपून करायचं. सॉफ्टवेअरवर पोट भरणारा माणूस सॉफ्टवेअरवर इतकाच विश्वास ठेवतो.

तिसरं, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठासून सांगितलं. कॅराव्हॅनची मान्यता वेगळ्या मानकाखाली होते हे खरं, पण मान्यता मिळून पासिंग झालेल्या गाडीच्या चासीला नंतर भोकं पाडणं किंवा वेल्डिंग करणं हा वेगळा विषय आहे. ज्यांना बसवायचीच आहे त्यांनी आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावं. ‘काही होत नाही साहेब’ हे लेखी उत्तर नव्हे.

चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अकरापैकी सहा रात्री आम्ही एकाच जागी होतो. मग गाडी कशाला, जागाच सपाट का करू नये? वाडीवाल्या काकांना विचारलं, ते हो म्हणाले. चाकांखाली मुरमाचे दोन पट्टे, नीट पाणी मारून धुम्मस केलेले. एका रविवारचं काम. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. माझ्या मते अशा पार्कची पहिली सोय स्विमिंग पूल नव्हे, तर टणक आणि सपाट ओटा ही असायला हवी. प्रत्येक गाडीने स्वतःची सपाट जमीन सोबत वाहून न्यायची हा महागडा वेडेपणा आहे.

आणि डुलण्याचं काय? त्यासाठी मागच्या बाजूला चासीखाली ठेवायचे दोन सुटे स्क्रूचे स्टँड घेतलेत, खाली फूटभर रुंद फळी. गाडी उचलायची नाही, फक्त हाताने घट्ट टेकवायची. गाडीला कुठेही भोक नाही. बाथरूमच्या दाराशी एक दांडी आणि पायाशी रात्री जळणारा छोटा दिवा बसवला. गाडीचं डुलणं बरंच कमी झालंय. संपलेलं नाही, पण बाबा आता आम्हाला न उठवता जाऊन येतात.

एक गोष्ट ताईला अजून पटलेली नाही, ती इथे लिहितो. बाबांनी आयुष्यभर बांधकामांवर सुपरवायझर म्हणून काम केलं. गाडी लावली की ते पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतात, मोबाईलवर त्यांचा विश्वास नाही. ‘डावीकडे अजून एक फळी’ असा हुकूम येतो आणि मी फळी सरकवतो. त्या दहा मिनिटांत ते पेशंट नसतात, साहेब असतात. ताई म्हणते ही भावुकता आहे. असेलही. पण बटणाच्या किंमतीत ही दहा मिनिटंही धरायला हवीत, कोटेशनमध्ये ती कोणी लिहीत नाही.

फळी सरकवण्यासाठी वाकणारा माणूस मी आहे हेही मान्य. म्हणून अटी लिहून ठेवल्यात. माझी पाठ बोलायला लागली, किंवा बायको आणि बाबा दोघंच गाडी घेऊन जायला लागले, किंवा स्टँड असूनही बाबांचा तोल एकदा जरी गेला, तर त्याच आठवड्यात चौकशी सुरू करायची. मग वजन, गंज, पैसे यातलं काहीही मी पुढे करणार नाही. हा कागद ताईच्या ताब्यात दिलाय.

सध्या मात्र मुरूम कुठून आणायचा ते बघतोय.