कारागृहाची किल्ली

तुरुंगात लिहिलेली अथवा तुरुंगाविषयी लिहिलेली पुस्तके मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. लोकमान्यांनी मंडालेच्या बंदिवासात 'गीतारहस्य' लिहिले, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली आणि सावरकरांनी अंदमानातील यातनांची हकीकत 'माझी जन्मठेप' या ग्रंथात सांगितली. असे पुस्तक हाती आले की आपण बंदिवानाच्या धैर्याला वंदन करतो, दोन अश्रू ढाळतो आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवून देतो. परंतु आमच्या मते कारागृहाच्या आठवणींचे खरे वाचन येथे संपत नाही. येथून ते सुरू होते. बंदिवान आत असताना बाहेरचे लोक काय करीत होते, हा प्रश्न अशा प्रत्येक पुस्तकाच्या पानापानांतून वाचकाला विचारलेला असतो. मोहन रानडे यांचे 'सतीचे वाण' वाचताना तर हा प्रश्न आम्हांस क्षणभरही स्वस्थ बसू देत नाही.

रानडे यांचे मूळ नाव मनोहर आपटे. सांगलीत जन्मलेला हा तरुण मराठीचा शिक्षक म्हणून गोव्यात गेला आणि आझाद गोमंतक दलात सामील झाला. १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात त्याने भाग घेतला. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळी लागून तो जखमी झाला व पकडला गेला. पोर्तुगीज न्यायासनाने त्याला सव्वीस वर्षांची शिक्षा ठोठावली. पुढे त्याला सातासमुद्रांपलीकडे नेऊन लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात डांबण्यात आले. जेथे मायबोलीचा शब्द कानी पडण्याची आशा नाही, तेथे एका मराठी शिक्षकाने एकांतवासाची वर्षे कशी कंठली असतील, याची कल्पना स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांत बसून करता येणे कठीण आहे. सशस्त्र मार्ग ज्यांना मान्य नसेल त्यांनी आपले मत खुशाल बाळगावे. परंतु भोगलेल्या शिक्षेचे मोल मतभेदाने कमी होत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. या स्वारीसाठी सैन्य जमले ते आमच्या बेळगावात. त्या दिवसांतील लष्करी गाड्यांची वर्दळ आणि विजयाची वार्ता येताच उसळलेला आनंद यांच्या कथा आमच्या गावांतील घराघरांत आजही सांगितल्या जातात. पण ज्याच्यासाठी हे सारे चालले होते त्या गोमंतकाच्या मुक्तीच्या दिवशी मोहन रानडे कोठे होते? काशियसच्या कोठडीत. आणि पुढची सात वर्षेही ते तेथेच होते! देश सुटला आणि देशासाठी लढणारा अडकून पडला, यापरता दैवदुर्विलास कोणता?

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. गोव्यात तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले होते. १९६२ च्या मे महिन्यात भारताने त्यांना मायदेशी पाठविले. युद्धकैद्यांना सन्मानाने सोडणे हा सुसंस्कृत राष्ट्राचा धर्मच होय आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तीन हजार सैनिक सुखरूप आपल्या बायकामुलांत पोहोचले आणि आमचा एक शिक्षक मात्र त्यांच्याच देशात गजांआड राहिला, हा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा? पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस. तोवर लिस्बनच्या सरकारच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचाच मुलूख होता. ही अडचण खरी. पण अडचण म्हणजे विस्मृतीचा परवाना नव्हे. सैन्याने जिंकलेली भूमी नकाशावर दिसते. परदेशी कोठडीतील एकटा माणूस नकाशावर दिसत नाही. म्हणूनच त्याची आठवण ठेवणारी माणसे असावी लागतात.

सुदैवाने अशी माणसे होती. संगीतकार सुधीर फडके यांनी रानडे यांच्या सुटकेसाठी अविरत खटपट केली. ज्यांच्या स्वरांनी महाराष्ट्राची घरे भरून टाकली त्या बाबूजींनी एका विसरल्या जाणाऱ्या बंदिवानासाठी दारोदार हिंडावे, यातच त्यांच्या देशभक्तीची साक्ष आहे. आणि दुसरे नाव ऐकून आमच्या वाचकांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. ते नाव अण्णादुराई यांचे. मद्रासचे मुख्यमंत्री असताना १९६८ साली त्यांनी पोपची भेट घेतली आणि रानडे यांच्या मुक्ततेसाठी शब्द टाकण्याची विनंती केली. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. पण मायभूमीत परतून अण्णादुराईंचे आभार मानावे, तो ३ फेब्रुवारी १९६९ रोजी अण्णा निवर्तले होते. ऋणकोला धनकोचे पाय धरण्याची संधी मिळाली नाही.

भाषेचा अभिमान म्हणजे परभाषिकांचा द्वेष, असा आरोप सीमाभागातील जनतेने उठता-बसता ऐकला आहे. आपल्या भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या त्या तमिळ पुढाऱ्याने एका मराठी माणसासाठी केलेली रदबदली हे त्या आरोपाला परस्पर दिलेले उत्तर आहे. ज्याला स्वतःच्या मातेचा मान कळतो, त्यालाच दुसऱ्याच्या मातेचे अश्रू कळतात.

आणखी एक गोष्ट. काशियसच्या त्याच किल्ल्यात सालाझारशाहीला विरोध करणारे पोर्तुगीज देशभक्तही कोंडलेले होते. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली, तेव्हा त्या तुरुंगाची दारे उघडली आणि हे राजबंदी बाहेर आले. म्हणजे ज्या सत्तेने गोवेकरांना गुलाम केले, तिने स्वतःच्या प्रजेलाही सोडले नव्हते. गोमंतकाचा लढा पोर्तुगीज माणसाशी नव्हता, जुलमाशी होता, हे सांगण्यास याहून चांगला पुरावा कोणता हवा?

'सतीचे वाण' हे नाव रानडे यांनी विचारपूर्वक ठेवले असले पाहिजे. हे वाण एकदा हाती घेतले की खाली ठेवता येत नाही. घेणाऱ्याने ते शेवटपर्यंत निभावले. २००१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली आणि २०१९ साली ते कालवश झाले. परंतु वाण घेणारा एकटा नसतो. त्याला निरोप देणारे, त्याच्या नावाचा जयजयकार करणारे, मिरवणुकीत पुढे चालणारे शेकडो असतात. त्यांच्यावर काहीच बंधन नाही काय?

आम्हांस वाटते की आहे. कोणत्याही लढ्यात तुरुंगात जाणारे थोडे असतात आणि बाहेर राहणारे पुष्कळ. बाहेरच्यांनी बंदिवानाच्या घरची चूल विझू देऊ नये, त्याचा खटला थंड पडू देऊ नये आणि यश पदरात पडल्यावर आत कोणी राहिले तर नाही ना, हे मोजून पाहावे. विजयाच्या सभेतील पहिला ठराव हाच असावयास हवा. हे पुस्तक आपल्या गावच्या वाचनालयात नसेल तर वाचकांनी ते अवश्य मागवावे आणि तरुणांच्या हाती द्यावे. कारागृहाच्या दाराला कुलूप आतून नसते, बाहेरून असते. तेव्हा ते उघडण्याची जबाबदारीही बाहेर उभ्या असलेल्यांचीच आहे.