कोण, कोणास व केव्हा म्हणाले?



पूर्वी मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा : 'कोण, कोणास व केव्हा म्हणाले ते लिहा.' वरच्या वर्गात त्याचाच मोठा भाऊ यायचा, 'संदर्भासहित स्पष्टीकरण करा.' धड्यातले एक वाक्य दिलेले असे आणि ते कोणत्या प्रसंगी, कशावरून आले ते मुलांनी सांगायचे. मी ३३ वर्षे हे पेपर तपासले. ज्याला वाक्य घडाघडा पाठ आहे पण ते कोणाच्या तोंडचे आहे हे ठाऊक नाही, त्याला गुण मिळत नसत, आणि त्यात कोणा आईबापांना अन्यायही वाटत नसे.

मग मला सांगा, इयत्ता आठवीच्या धड्याला जो नियम, तो देवाच्या वचनाला का नाही?

माझ्या ख्रिस्तेतर वाचकांसाठी थोडे सांगते. आमच्याकडे बऱ्याच मंडळ्यांमध्ये (चर्चच्या सभासदांना आम्ही 'मंडळी' म्हणतो) ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना असते. शेवटी ताटातून घडी घातलेल्या चिठ्ठ्या फिरतात. प्रत्येक चिठ्ठीवर बायबलमधले एक वचन. तुमच्या हाताला जी चिठ्ठी लागेल, ते तुमचे वर्षभराचे वचन. मग ते फ्रिजवर चिकटते, पाकिटात जाते, कोणी त्याची फ्रेम करते. हल्ली तर वर्षभर थांबावेही लागत नाही. रोज सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलासकट वचन व्हॉट्सॲपवर हजर. माझ्या फोनवर रोज अकरा येतात. (मोजली आहेत.)

गंमत अशी की चिठ्ठीत नेहमी आशीर्वादच निघतो. बायबलमध्ये सुमारे ३१ हजार वचने आहेत. खोट्या तराजूने गरिबांना लुबाडणाऱ्या व्यापाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने झापले, ती वचनेही त्यात आहेत. मजुरांची मजुरी बुडवणाऱ्या जमीनमालकांना याकोबाने सुनावले, तीही आहेत. पण असली चिठ्ठी आजवर कोणाच्या हाती आलेली मी पाहिली नाही. म्हणजे नाव सोडतीचे, आणि तिकिटे मात्र सगळी बक्षिसाची!

आता सगळ्यात लाडके वचन घेऊ. यिर्मया २९, वचन ११. तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य व आशा देण्याचे आहेत, अशा अर्थाचे. दहावीचा निकाल, गृहकर्ज, व्हिसा, सगळ्यांसाठी हेच वचन पुढे केले जाते. पण कोण, कोणास व केव्हा म्हणाले? यिर्मया हे पत्राने कळवतो आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेहून धरून नेलेले लोक बाबेलात कैदेत होते. त्याच सुमारास हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगत होता, की दोन वर्षांत सगळे परत येईल. टाळ्या त्यालाच मिळाल्या असणार. यिर्मया लिहितो, तसे होणार नाही. सत्तर वर्षे लागतील. हे कुठे लिहिले आहे? दहाव्या वचनात, म्हणजे आपल्या लाडक्या वचनाच्या एकच पायरी आधी! ज्यांच्या हातात ते पत्र पडले त्यांच्यातले बहुतेक परदेशातच मरणार होते. आशा खरी होती, पण ती नातवंडांच्या वाट्याची होती.

मग त्या लोकांनी तोवर काय करायचे? तेही त्याच पत्रात पाचव्या ते सातव्या वचनात आहे. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्या शहराचे भले करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहराचे, बरे का! नोकरीसाठी पुण्यात, दुबईत, मेलबर्नमध्ये गेलेल्या आपल्या मुलांना खरे तर हे वचन पाठवायला हवे. सोसायटीच्या मीटिंगला जा, मत द्या, कचरा रस्त्यावर टाकू नका, शेजाऱ्याच्या आजारपणात डबा पोचवा. पण ते कोणी पाठवत नाही, कारण त्यात आपल्याला काही मिळत नाही, उलट करावे लागते.

काही जण म्हणतील, बाई, एवढे काय बिघडले? कोणाला दिलासा मिळतो तर मिळू द्या की. दिलाशापर्यंतच गोष्ट थांबत असती तर मी हा लेख लिहिला नसता. ती थांबत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांना पंचवीस वर्षे मधुमेह होता. बाहेरगावच्या एका प्रचारकाने त्यांना यशयाच्या ५३व्या अध्यायातले, त्याला बसलेल्या माराने आपण बरे झालो या अर्थाचे वचन दिले, आणि इन्सुलिन चालू ठेवणे म्हणजे अविश्वास, असे सांगितले. त्यांनी सुया बंद केल्या. पुढे पायाची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. प्रचारक तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. हे वचन तिथे पापाच्या ओझ्याविषयी बोलते. त्याच अध्यायाचा संबंध मत्तयाने आठव्या अध्यायात आजार बरे करण्याशी जोडला आहे, हेही मला ठाऊक आहे. पण औषध टाकून द्या, असे ना यशया म्हणतो ना मत्तय. उलट पुढच्याच, नवव्या अध्यायात वैद्याची गरज निरोग्यांना नसते, आजाऱ्यांना असते, असे प्रभू येशू सरळ सांगतो. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, त्याला अविश्वासी ठरवले नाही. त्रफिमाला त्याने आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवले. आणि त्याच्या सोबत्यांत लूक होता, जो वैद्य होता. पौलाचा विश्वास त्या प्रचारकापेक्षा कमी होता का?

दुसरी गोष्ट सांगताना हात थरथरतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याचा मार खाऊन दोनदा माहेरी आली. दोन्ही वेळा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिला इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय दाखवला. स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा, हे २२वे वचन. आणि परत पाठवले. मी त्या वडीलधाऱ्यांना विचारते, तुमच्या बायबलमध्ये २१वे वचन छापलेले नाही का? तिथे सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे आहे. अभ्यासक सांगतात, की सर्वात जुन्या हस्तलिखितांपैकी काहींत २२व्या वचनात क्रियापदच नाही, ते २१व्या वचनातून घ्यावे लागते. मराठी व्याकरणात याला आपण अध्याहृत म्हणतो. म्हणजे मागचे वाक्य तोडले तर पुढचे वाक्य व्याकरणानेच उभे राहत नाही! आणि पुढे वाचा. बायकोला सांगणारी वचने तीन, २२ ते २४. २५पासून ३३पर्यंतचा बहुतेक मजकूर नवऱ्यासाठी आहे : ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी तू बायकोवर प्रीती कर, स्वतःच्या शरीरासारखे तिला जप. ही वचने त्या नवऱ्याला कोणी दाखवली? त्याला बोलावलेसुद्धा नव्हते. तिसऱ्या वेळी ती मुलगी मंडळीकडे गेली नाही, वकिलाकडे गेली. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा आपल्यालाही लागू आहे, हे तिला एका ख्रिस्तेतर मैत्रिणीने सांगितले. आपल्यापैकी कोणी सांगितले नाही.

आणखी एक छोटे उदाहरण. गरीब नेहमी तुमच्याजवळ असतातच, असे येशू म्हणाला, हे वाक्य मदतफंडाचा विषय निघाला की कोणीतरी काढतोच. येशूच्या तोंडी ते अनुवादाच्या १५व्या अध्यायातून आले आहे. तिथले पूर्ण वचन काय आहे? गरीब देशातून नाहीसे होणार नाहीत, म्हणूनच तू आपला हात सढळ ठेव. अर्धे वाक्य हात आखडण्यासाठी वापरायचे आणि उरलेले अर्धे, जे हात उघडायला सांगते, ते गिळून टाकायचे. वर्गात एखाद्या मुलाने असे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

मुळात हे आकडे पौलाने घातलेले नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँग्टनच्या नावावर असलेली. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक पॅरिसचा मुद्रक रोबेर एस्तिएन याने १५५१ साली दिले. सोयीसाठी. त्याआधी दीड हजार वर्षे ही पत्रे पत्रांसारखी वाचली जात होती. पौल स्वतः सांगतो, की हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवा आणि मग पलीकडच्या गावच्या मंडळीकडे द्या. आपल्या मुलाचे पत्र आले तर आपण त्यातली एकच ओळ कापून फ्रिजवर लावतो का?

आणि आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना तर हे अजिबात शोभत नाही. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत सबंध बायबल यावे म्हणून त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. त्यांचे निधन १९२२ साली झाले. त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले होते. मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापले. रमाबाईंनी आपल्याला सबंध ग्रंथ दिला, आणि आपण त्याच्या चिठ्ठ्या केल्या.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते. बाई, देव एका वचनातूनही बोलू शकतो. संत ऑगस्टीनने पुस्तक उघडले, नजर पडली तेवढेच वाचले, आणि त्याचे आयुष्य बदलले! खरे आहे. ३८६ सालची, मिलानच्या बागेतली ती गोष्ट आहे. पण त्याची नजर कशावर पडली? रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातल्या अशा वचनावर, ज्याने त्याला चैनबाजी सोडायला सांगितले. बढती मिळेल असे सांगितले नाही. शिवाय तो पौलाची पत्रे आधीपासून वाचत होता, झगडत होता, आणि नंतर उरलेले आयुष्य वाचत राहिला. चिठ्ठी काढून घरी जाऊन झोपला नाही.

दुसरे उत्तर मला अधिक जवळचे वाटते. आपल्या जुन्या पिढीतल्या निरक्षर आज्या एकेका वचनाच्या आधारावर दुष्काळ, प्लेग, वैधव्य, सगळे निभावून गेल्या. त्यांना कसला संदर्भ ठाऊक होता? उलट, त्यांना तो आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता! माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, पण योसेफाची गोष्ट ती भावांनी विहिरीत टाकल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, रूथची सांगायची, आणि सांगताना रडायची. तिचे वचन त्या गोष्टीत रुजलेले होते. आणि महत्त्वाचे म्हणजे तिने ते स्वतःला धरून ठेवण्यासाठी वापरले, सुनेला गप्प बसवण्यासाठी नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

सुट्या वचनाचा धोका कोणाला सर्वात चांगला ठाऊक होता म्हणाल, तर खुद्द येशूला. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी मार म्हणतो. कशाच्या जोरावर? ९१व्या स्तोत्रातले वचन म्हणून दाखवून! वचन खरे, पाठांतर चोख, वापर सैतानी. येशू त्याला अनुवादातले दुसरे वचन ऐकवतो : देवाची परीक्षा पाहू नकोस. म्हणजे शास्त्राचा एक भाग दुसऱ्या भागाशेजारी ठेवून पाहायचा असतो. नुसते वचन पाठ असणे हीच विश्वासाची खूण असेल, तर मग सैतानालाही मंडळीत सभासदत्व द्यावे लागेल.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. येत्या ३१ डिसेंबरला चिठ्ठ्या वाटायच्याच असतील तर त्यावर वचन न लिहिता पुस्तकाचे नाव लिहा. कोणाला आमोस निघेल, कोणाला याकोबाचे पत्र, कोणाला रूथ. वर्षभरात ते पुस्तक तीनदा वाचायचे. रूथची चारच प्रकरणे आहेत, चहा गार होण्याआधी वाचून होईल. वाचताना चार प्रश्न विचारायचे : हे कोण म्हणाले, कोणास म्हणाले, केव्हा म्हणाले, आणि हे ऐकून मला आज काय करायला हवे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'काही नाही, मला मिळेल' असे येत असेल, तर पहिले तीन प्रश्न पुन्हा सोडवायचे. आणि कोणी तुम्हाला एखादे वचन दाखवून गप्प बसा, सहन करा, औषध सोडा म्हणाला, तर न घाबरता म्हणायचे, पाळकसाहेब, जरा वरची चार आणि खालची चार वचनेही मोठ्याने वाचता का?

हे वाचून आमच्या नात्यातले दोघे-तिघे रागावतील. रागावोत. फोनवर रागवण्यापेक्षा इथे खाली लिहा, म्हणजे सगळ्यांनाच वाचता येईल. फक्त उत्तरादाखल एकच वचन पाठवून मोकळे होऊ नका. अख्खा अध्याय पाठवा. मी बसून वाचेन.