पळू आम्ही, पण दान मागणार नाही

पहाटे साडेचारला मंडईत भाजीचे टेम्पो रिकामे होत असतात. आम्ही पाच जण त्याच वेळी तिथे जमतो आणि धावायला निघतो. पहिल्या आठवड्यात एका हमाल काकांनी विचारले, "काय रे पोरांनो, कोण मागे लागलंय?" आम्ही सांगितले की लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी चालली आहे. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, सगळे सलग. त्यातून गरजू विद्यार्थ्यांसाठी पैसे उभे करायचे आहेत. काका हसले. "मग इकडं या की. दोन पोती उचला, घामही येईल आणि पैसेही मिळतील."

या टोमण्याने आम्हाला जितका विचार करायला लावला, तितका आमच्या कार्यकर्ता मित्रांच्या टीकेने लावला नाही.

मित्रांची टीका सरळ होती. हे कोथरूड-कोरेगाव पार्कचे चोचले आहेत, चळवळीच्या पोरांना हे शोभत नाही. लाखाच्या पुढची सायकल, हजारोंचे बूट, प्रवेश शुल्क वेगळे. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. आम्ही जुन्या सायकली दुरुस्त करून कात्रजचा घाट चढतो आणि स्पर्धेचा खर्च जमलेल्या पैशातून एक रुपयाही घ्यायचा नाही असे आधीच ठरवले आहे. पण 'हे आपले नाही' हे आम्हाला मान्य नाही. मैदान आपले नव्हते कारण ते आपल्याला दिले गेले नव्हते. पालवणकर बाळू याच पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरी करत त्यांना गोलंदाजी टाकत होते. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांचे बळी हवे होते, पण चहा मात्र मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या माणसाला त्या संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही भांडून.

आणि पोहण्याचे काय? आमच्या पाच जणांपैकी चौघांना सहा महिन्यांपूर्वी पोहता येत नव्हते. आमच्या वडिलांना येत नाही, आजोबांचा तर प्रश्नच नाही. ज्या विहिरीवर पाणी वरून ओतून घ्यायचे, त्या विहिरीत सूर कोण मारू देणार होते? जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो फुलेवाडा आमच्या धावण्याच्या वाटेवर आहे. १९२७ ला महाडचे चवदार तळे झाले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीही बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' म्हणत महाराष्ट्रभर फिरावे लागले. त्यामुळे पालिकेच्या तलावात नाकात पाणी जाऊन खोकणारा आमचा मित्र जेव्हा पहिल्यांदा न थांबता पन्नास मीटर गेला, तेव्हा आम्ही काठावर जयभीमचा घोष केला. जीवरक्षक दचकला, पण ते असो.

खरा प्रश्न दुसराच आहे, आणि तो हमाल काकांनी विचारला. जो माणूस तीस वर्षे पाठीवर पोती वाहतो, त्याच्या घामाला कुणी देणगी देत नाही. त्याला हमाली देतानाही घासाघीस होते. पण कुणी हौसेने एक दिवस घाम गाळला की लोक आपणहून पैसे पाठवतात. का? कारण देणारा श्रमाला पैसे देत नाही, तो तमाशाला देतो. वर पत्रकावर एखाद्या केविलवाण्या पोराचा फोटो लागतो आणि देणाऱ्याची छाती फुगते. त्या पोराला विचारतो कोण?

बाबासाहेबांनी हरिजन सेवक संघावर जी टीका केली, तिचे मर्म इथेच आहे. पैसा आमच्या नावाने गोळा होतो आणि कारभारात आम्ही कुठेच नाही. ते स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद करून घेतली. ती दयेची मागणी नव्हती. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना सरकार पैसा देते, मग आम्हाला का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. आज स्वाधार योजनेची रक्कम खात्यात पडण्याची वाट बघत मराठवाड्यातली, विदर्भातली पोरे पुण्यात कॉट बेसिसवर राहतात आणि महिनाअखेरीला एकच वेळ जेवतात. ही सरकारची देणी आहेत. आम्ही ट्रायथलॉन करून मेसचे बिल भरले, तर सरकारची जबाबदारी आम्ही आमच्या पायांवर घेतली असे होत नाही का?

होते. हा धोका आम्हाला दिसतो. म्हणून पैसे गोळाच करू नयेत, असे आमच्यातल्या एकीचे म्हणणे होते. मोर्चा काढा, ती म्हणाली. मोर्चे आम्ही काढतोच. पण मोर्चा आणि हप्ता यांच्यात जे तीन-चार महिने जातात, त्यात एखादा पोरगा सामान बांधून गावी परत जातो आणि मग कॉलेजला येत नाही. आम्ही असे दोघे पाहिले आहेत. दुसऱ्याच्या बाबतीत फक्त अठराशे रुपयांचा प्रश्न होता.

तेव्हा आम्ही दानाऐवजी वर्गणीचा मार्ग धरला. तो आपल्या वस्त्यांना नवा नाही. जयंतीची वर्गणी, विहाराची वर्गणी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या काळातल्या वसतिगृहांसाठी जमवलेली पै-पै. हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली तीही अन्नछत्र म्हणून नाही. तिथे हमाल स्वस्तात पण स्वतःच्या पैशाने जेवतो. आमच्या निधीची वही पाच विद्यार्थ्यांकडे आहे, पळणाऱ्यांकडे नाही. कुणाला किती द्यायचे ते ती पाच जण ठरवतात. कुणाचा फोटो नाही, नाव जाहीर नाही. प्रत्येक रकमेसमोर एक रकाना आहे: सरकारकडे किती थकले आणि किती दिवस. ही वही घेऊनच आम्ही समाजकल्याणच्या दारात जाणार आहोत.

ज्या मंडईतून आम्ही निघतो तिची गंमत बघा. १८८६ ला ती 'रे मार्केट' म्हणून उभी राहिली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर घाला असे त्यांचे म्हणणे होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये उधळायलाही त्यांनीच विरोध केला होता. आज त्याच इमारतीला त्यांचे नाव आहे आणि तिच्या सावलीत आम्ही पोरांच्या फीसाठी पैसे मोजतो आहोत.

वहीत पहिली नोंद कुणाची आहे माहीत आहे? हमाल काकांची, पन्नास रुपये. नोट देताना म्हणाले, "पळण्याचे नाहीत हे. पोराच्या जेवणाचे आहेत, तसं लिहा."

आम्ही तसेच लिहिले आहे. उद्या साडेपाचला तलावाची बॅच आहे, आणि आमच्यातल्या एकाला अजून खोल पाण्याची भीती वाटते.