४५ डेसिबलचा नियम टोकावड्यालाही लागू आहे





कल्याणहून मुरबाड, सरळगाव करत माळशेज घाटाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ टोकावड्यातून जातो. जुन्नर, ओतूर, आळेफाट्याकडचा भाजीपाला रात्रीच्या गाड्यांनी याच वाटेने कल्याण-मुंबईच्या बाजारात पोचतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्यात घाट बघायला निघालेल्या मोटारसायकलींची भर पडते. रस्त्याबद्दल गावाची तक्रार नाही; मुलांचे कॉलेज, शेतमाल, कल्याणला हलवायचा पेशंट, सगळे याच रस्त्यावर अवलंबून आहे. तक्रार आहे ती मध्यरात्री वाजणाऱ्या प्रेशर हॉर्नची आणि पुंगळी काढलेल्या सायलेन्सरची.

यावर ठरलेले उत्तर मिळते : खिडक्या लावून घ्या, झाडे लावा.

उत्तर देणाऱ्यांनी एकदा मुरबाड तालुक्यातले रस्त्यालगतचे कौलारू किंवा पत्र्याचे घर आतून पाहावे. भिंत संपते आणि छप्पर सुरू होते तिथे वळचणीखाली मोकळी फट असते. चुलीचा धूर तिथून बाहेर जातो, वारा तिथून आत येतो आणि ट्रकचा आवाजही तिथूनच येतो. ध्वनिशास्त्राचे गणित इथे फार कठोर आहे. ४० डेसिबल अडवणाऱ्या भिंतीत फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तर ती सगळी भिंत मिळून जेमतेम २० डेसिबल अडवते. अशा घरात खिडकीला महागडी दुहेरी काच बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आधी रस्त्याच्या बाजूची फट विटा-सिमेंटने बुजवावी, हवेची वाट मागच्या बाजूला काढावी, दाराच्या चौकटीला रबरी पट्टी लावावी, उंबऱ्यावरची फट झाकावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला ठोकून बाहेरचा आवाज थांबत नाही, तो खर्च कुणी करू नये. झाडांची एखादी ओळ सावली देते, धूळ थोडी अडवते; पण आवाजात जाणवण्याइतका फरक पडायला साधारण ३० मीटर रुंदीची दाट झाडी लागते. तेवढी जागा रस्त्याकडेच्या कुणाच्या अंगणात आहे? त्यापेक्षा भरीव विटांची, सलग कुंपणभिंत बरी. खिडकीतून गाडी दिसेनाशी होईल इतकी ती उंच असेल तर निदान पाच डेसिबलचा फरक पडतो.

जुन्या घरांत पुढे ओटी-पडवी आणि झोपायला आतले माजघर असे, त्यामुळे रस्ता आणि अंथरूण यांत दोन भिंती येत. आता घरकुलाच्या दीड खोलीत ती सोय कुठून आणणार?

आणि हे सगळे करूनही काय उरते ते पाहा. वाहनाला नियमानुसार चालणारा हॉर्नच काही मीटर अंतरावर ९३ ते ११२ डेसिबलचा असतो. रस्त्याला खेटून असलेल्या घराने २० डेसिबल अडवले, तरी सर्वांत हळू हॉर्नसुद्धा आत ७३ डेसिबलने ऐकू येतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. म्हणजे घरमालकाने पदरमोड करून कितीही बुजवाबुजवी केली, तरी हा प्रश्न रस्त्यावरच सुटायचा आहे.

कायद्यात त्याची सोय आहे. निवासी भागात रात्री आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायला ध्वनिप्रदूषण नियमांनीच मनाई आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-फ नुसार विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणे, हॉर्नबंदीचा फलक असताना तो वाजवणे, सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडणे, या सगळ्याला पहिल्यांदा एक हजार आणि पुन्हा केल्यास दोन हजार रुपये दंड आहे. एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न तर मुळातच बेकायदा आहेत. घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावाच लागतो, हे चालकांचे म्हणणे खरे आहे. पण ते घाटापुरते. झोपलेल्या वस्तीत तो देण्याचे कारण नाही.

ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला. त्यानंतर राज्यात ध्वनी नकाशे झाले ते मात्र महापालिकांच्या शहरांचे. महामार्गावरची गावे त्यात आलीच नाहीत. मध्य प्रदेशात पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या, हे फार चांगले झाले. तशाच भिंती वस्तीजवळही बांधता येतात, हे त्यातून सिद्धही झाले. रस्त्याचे रुंदीकरण होताना अंदाजपत्रकातच त्यांची तरतूद हवी. मागाहून मागितलेली भिंत सहसा मिळत नाही. गतिरोधकही घरांच्या दारात नकोत : रिकाम्या ट्रकचा फाळका त्यावर आदळतो तेव्हा झोपलेले मूल दचकून उठते.

टोकावड्यात पोलीस ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. वस्तीच्या दोन्ही टोकांना हॉर्नबंदीचे फलक लावणे आणि पावसाळी सुट्ट्यांत सायलेन्सर व प्रेशर हॉर्नची तपासणी करणे, याला मोठा निधी लागत नाही. शांतता क्षेत्र मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने जाहीर केल्याशिवाय अस्तित्वात येत नाही, म्हणून रुग्णालय आणि शाळांसाठी तशी मागणी लेखी करावी लागेल. सरळगावपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव घ्यावा आणि त्याच्या प्रती जिल्हाधिकारी व ग्रामीण पोलीस अधीक्षक यांना पाठवाव्यात.

— एक वाचक, टोकावडे (ता. मुरबाड, जि. ठाणे)