चिंटूला मैदान हवंच होतं

लोकप्रिय चित्रमालिकेवर चित्रपट काढणं म्हणजे चारोळीची कादंबरी करणं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. श्रीरंग गोडबोले यांचा ‘चिंटू’ २०१२ साली आला, तेव्हापासून हे ऐकतो आहे. तीन-चार चौकटींत संपणारा विनोद एवढा ताणायचा कशाला?

मुळात विनोद ताणायचाच नसतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१पासून ‘सकाळ’मधल्या ‘चिंटू’ चित्रमालिकेतून रोज एक गंमत दिली; पण वाचकाकडे नुसत्या गमती साठल्या नाहीत. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू अशी अख्खी गल्ली जमा झाली. चित्रपट काढायचा तो त्या गल्लीवर.

दुसरी तक्रार चेहऱ्याची. चिंटू झालेला शुभंकर अत्रे चित्रातल्या चिंटूसारखा दिसत नाही म्हणे. नसेल! चित्रमालिकेवरच्याच २००४च्या ‘गारफिल्ड’मध्ये मांजराचा केसन्‌केस संगणकावर रंगवला, आणि ज्याची सारी गंमत लोळण्यात, त्याला ओडी कुत्र्याच्या सुटकेसाठी शहरभर पळवलं. रूप राखलं, स्वभाव गेला. बिल वॉटरसन यांनी आपली ‘केल्विन अँड हॉब्ज’ ही चित्रमालिका पडद्यावर किंवा खेळण्यांच्या बाजारात जाऊ दिली नाही, हा दाखलाही हमखास पुढे येतो. त्यांचं बरोबरच होतं. हॉब्ज हा केल्विनपुरता जिवंत वाघ आणि इतरांना भुसा भरलेलं खेळणं. पडद्यावर त्याचं काहीतरी एकच ठरवावं लागलं असतं. चिंटूचे दोस्त मात्र सगळ्यांनाच दिसतात.

राहिला आमचा खास नागपुरी आक्षेप: पुण्याच्या पोराचं आम्हाला काय? अहो, चित्रपटात पोरांचं क्रिकेटचं मैदान चायनीजवाल्याच्या घशात जातं. आपल्या ले-आउटमधला मोकळा प्लॉट आठवा. आधी तारेचं कुंपण, मग पाटी, मग फ्लॅट स्कीम. आणि पोरं रस्त्यावर विटांचे स्टम्प मांडून, गाडी आली की विटा उचलत खेळतात. हे दुखणं पुण्याचं की नागपूरचं? ते चिंटूच्या वयाचं आहे, म्हणून ती गोष्ट त्याला शोभते.

२०१३च्या ‘चिंटू २: खजिन्याची चित्तरकथा’ची वकिली मात्र मी करणार नाही. खजिना काय, कुठलीही टोळी शोधेल; त्यासाठी चिंटूच कशाला हवा? चित्रमालिकेवरच्या चित्रपटाला लावायची कसोटी हीच, आणि तिच्यावर पहिला उतरतो, दुसरा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना पहिला जरूर दाखवा. दुसऱ्याची घाई नाही.